ऑइल फिल्टरवर चारशे रुपये जास्त घालावेत का?

प्रश्न: माझी 2019 ची पेट्रोल स्विफ्ट आहे, 68 हजार किलोमीटर झाले. राहायला जुळे सोलापुरात. सहा महिन्यांपूर्वी बार्शीला बदली झाली, त्यामुळे आठवड्यातले पाच दिवस रोज दीडशे किलोमीटर पडतात. या वेळी ऑइल बदलायला गेलो तर गॅरेजवाल्याने कंपनीच्या 130 रुपयांच्या फिल्टरऐवजी 560 चा प्रीमियम फिल्टर काढला. म्हणाला, "हा टाका साहेब, 15 हजार किलोमीटर बोनेट उघडायचं काम नाही." पार्टच्या दुकानात हुबेहूब तसाच दिसणारा एक 70 रुपयांनाही मिळतो. खरंच एवढा फरक पडतो का? धाकट्या भावाची 2016 ची डिझेल डिझायर सोलापूर-पंढरपूर भाड्याने धावते, तिला काय टाकावं? आणि नवा फिल्टर ऑइलने भरून बसवावा की कोरडाच? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: आधी निकाल, मग कारणं. स्विफ्टला 130 चा कंपनीचा फिल्टर पुरेसा आहे. 560 चा टाकलात तर नुकसान काही नाही, पण त्याच्या भरवशावर 15 हजार किलोमीटर गाडी ओढू नका. 70 वाल्याला हात लावू नका. डिझायरचं गणित थोडं वेगळं आहे, ते पुढे येतंच.

गॅरेजमध्ये वाद नेहमी साधा की प्रीमियम असा रंगतो. खरी दरी असते ती 70 आणि 130 च्या मधे, आणि ती बाहेरून दिसत नाही, कारण पत्र्याचा डबा आणि त्यावरचा रंग कुणालाही करता येतो. आत काय आहे ते बघू. तळाच्या चकतीवर कडेने छोटी भोकं असतात, तिथून इंजिनाच्या ऑइल पंपाने ढकललेलं ऑइल आत शिरतं. घड्या घातलेल्या कागदातून गाळून ते मधल्या जाळीदार नळीत येतं आणि आटे असलेल्या मोठ्या भोकातून इंजिनात जातं. कागद तर महत्त्वाचा आहेच, पण फिल्टरचा कस लागतो तो आतल्या दोन व्हॉल्व्हवर.

पहिला म्हणजे त्या कडेच्या भोकांना आतून झाकणारी रबराची चकती, अँटी-ड्रेनबॅक व्हॉल्व्ह. गाडी बंद केल्यावर फिल्टरमधलं ऑइल खाली चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) उतरू नये म्हणून ती असते. ती चांगली असेल तर सकाळी स्टार्टर मारल्याबरोबर ऑइल वर पोचतं. रबर कडक झालं असेल तर रात्रभरात फिल्टर रिकामा होतो आणि सकाळचे पहिले एक-दोन सेकंद टायमिंग चेन नि वरचे भाग जवळजवळ कोरडे फिरतात. "खर्रर्र" असा आवाज येऊन लगेच थांबतो, तो बऱ्याचदा याचाच. साध्या फिल्टरमध्ये ही चकती नायट्राइल रबराची असते, महागड्यात बहुधा सिलिकॉनची. गरम ऑइलमध्ये हजारो किलोमीटर बुडून राहिल्यावर नायट्राइल हळूहळू ताठ होतं, सिलिकॉन मऊ राहतं. प्रीमियम फिल्टरच्या जादा पैशांपैकी सगळ्यात वसूल होणारा भाग हाच. मात्र 10 हजार किलोमीटरला बदलला जाणारा चांगला नायट्राइलचा व्हॉल्व्ह तोवर आपलं काम करतो.

दुसरा बायपास व्हॉल्व्ह. कागद चोंदला किंवा ऑइल फार घट्ट असलं की फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबात फरक पडतो. तो फरक साधारण 1 बारच्या आसपास गेला (नेमका आकडा इंजिनाप्रमाणे बदलतो) की हा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळता थेट इंजिनात जातं. ही सोय मुद्दामच केलेली आहे, कारण बेअरिंगला ऑइलच न मिळण्यापेक्षा मळकं ऑइल मिळालेलं परवडतं. हलक्या फिल्टरमध्ये स्प्रिंग इतकी ढिली असते की व्हॉल्व्ह नको तेव्हा उघडा राहतो. म्हणजे फिल्टर आहे, बिलही दिलंय, आणि ऑइल मात्र गाळलंच जात नाही. उलट स्प्रिंग फार ताठ असली तर कागद फाटतो किंवा आतली नळी चेपते. म्हणूनच आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला असं नाही. "याला त्या गाडीचा मोठा फिल्टर पण बसतो" असं सांगणारे बरेच भेटतात. बसतो खरा, पण त्याचा बायपास दुसऱ्या इंजिनासाठी ठरवलेला असतो.

आता कागदाकडे. साधा फिल्टर सेल्युलोजचा असतो. महागड्यात काचतंतू किंवा पॉलिएस्टर असतं, कधी दोन्हींची मिसळ. कृत्रिम तंतू बारीक आणि एकसारखे असतात, त्यामुळे लहान कण जास्त अडकतात, ऑइलला अडथळा कमी होतो आणि घाण साठवायला जागा जास्त मिळते. हे खरं आहे, जाहिरातीपुरतं नाही. फक्त खोक्यावरचा आकडा नीट वाचायला हवा. नुसतं "20 मायक्रॉन" (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लिहिलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही. 20 मायक्रॉनचे किती टक्के कण पकडतो हे हवं. 50 टक्के पकडणाराही स्वतःला 20 मायक्रॉनचा म्हणवतो आणि 99 टक्के पकडणाराही. ही चाचणी आयएसओ 4548-12 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार होते. काही ठिकाणी टक्क्यांऐवजी बीटा आकडा देतात, म्हणजे त्या मापाचे कण गाळण्याआधी किती आणि नंतर किती याचं गुणोत्तर: बीटा 2 म्हणजे 50 टक्के, 20 म्हणजे 95, आणि 75 म्हणजे 98.7. यातलं काहीच छापलेलं नसेल आणि नुसतं सोनेरी अक्षरांत "अल्ट्रा" असेल, तर 560 रुपये त्या अक्षरांचे समजा.

बारीक कणांचं इतकं महत्त्व का? माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड. बेअरिंगमधला ऑइलचा थर अवघ्या काही मायक्रॉनचा असतो, म्हणून झीज करतात ते प्रामुख्याने 5 ते 20 मायक्रॉनचे, डोळ्यांना न दिसणारे कण. 1988 मध्ये जनरल मोटर्सच्या इंजिनिअरांनी प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात 40 मायक्रॉनच्या फिल्टरच्या तुलनेत 30 मायक्रॉनच्या फिल्टरने झीज 50 टक्के आणि 15 मायक्रॉनच्या फिल्टरने 70 टक्के कमी झाल्याचं नोंदवलं आहे. प्रीमियम फिल्टर विकणारे हे आकडे हमखास पुढे करतात. ते सांगत नाहीत की त्या चाचणीत ऑइलमध्ये मुद्दाम भरपूर धूळ मिसळली होती. रोजच्या गाडीत, जिथे वेळेवर ऑइल बदललं जातं, तिथे एवढी घाण ऑइलमध्ये पोचतच नाही. शिवाय तुमच्या इंजिनात ऑइल जेमतेम 3 लिटरच्या घरात, आणि हायवेच्या वेगाला पंप ते सगळं मिनिटाला कित्येकदा फिल्टरमधून फिरवतो. पहिल्या फेरीत निसटलेला कण पुढच्या फेऱ्यांत सापडायची शक्यता बरीच असते.

म्हणून प्रश्न उलटा विचारायला हवा: ऑइलमध्ये धूळ येते कुठून? येते ती हवेच्या वाटेने. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून, साइडपट्टीवरची काळ्या मातीची भुकटी उडत असताना गाडी चालते, तेव्हा ती धूळ अडवायचं काम एअर फिल्टरचं. तिथून सुटलेला कण पिस्टनच्या रिंगांवर घासून मग ऑइलमध्ये उतरतो, तोवर नुकसान करून झालेलं असतं. सोलापूरच्या गाडीला फिल्टरवर जास्तीचे 430 रुपये घालायचेच असतील तर ते आधी एअर फिल्टरवर घाला. पुस्तिकेत धुळीच्या रस्त्यांसाठी वेगळं, लवकरचं वेळापत्रक दिलेलं असतं, आपण ते पान उघडत नाही. आणि एअर फिल्टरला कॉम्प्रेसरची पूर्ण हवा मारू देऊ नका. कागदाला बारीक भोकं पडतात, आणि "साफ" झालेला फिल्टर धूळ सोडू लागतो. मारायचीच तर 2 बारच्या आत, आतल्या बाजूने बाहेर, नळी लांब धरून. मग एअर बॉक्सच्या क्लिपा नीट लावा आणि फिल्टरच्या पुढच्या, इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत आतून पांढरं फडकं फिरवून बघा. फडक्यावर मातकट भुकटी आली, तर हवा फिल्टरच्या कडेने शिरते आहे. अशा गाडीला जगातला सर्वांत महाग ऑइल फिल्टरही वाचवणार नाही.

राहिला 15 हजारांचा दावा. यावर थोडं परखड बोलायला हवं. फिल्टर फक्त घन कण अडवतो. ऑइल नुसतं मळून खराब होत नाही: उष्णतेने त्याचं ऑक्सिडेशन होतं, त्यात पेट्रोल नि पाणी उतरतं, आम्ल तयार होतं, आणि घाण धरून ठेवणारी, झीज रोखणारी रसायनं संपत जातात. यातलं एकही फिल्टरच्या कागदात अडकत नाही. म्हणजे फिल्टर 15 हजार टिकेल, ऑइल टिकेलच असं नाही. मारुतीचं वेळापत्रक 10 हजार किलोमीटर किंवा 1 वर्ष, जे आधी येईल ते, असं आहे. तुमच्या धावण्याने 10 हजार तीन-साडेतीन महिन्यांत भरतात, आणि हे बहुतेक हायवेचे किलोमीटर आहेत, इंजिन नीट तापून चालतं, म्हणजे ऑइलला सोपे. तुम्ही 10 हजारांवर निर्धास्त राहू शकता. सात रस्ता ते आसरा चौक अशी दोन-दोन किलोमीटर चालून बंद होणारी गाडी असती, तर आमचा सल्ला 5-6 हजारांचा असता. आणि "बोनेट उघडायचं काम नाही" हे तर विसराच. 68 हजार झालेलं इंजिन थोडंफार ऑइल खातं. दर हजार-दीड हजार किलोमीटरला, सपाट जागी, गाडी बंद करून पाचेक मिनिटांनी डिपस्टिक बघा.

पैशांचा हिशेबही पत्रातल्या आकड्यांनीच करू. फरक 430 चा, 10 हजार किलोमीटरमागे. म्हणजे किलोमीटरला सव्वाचार पैसे. तुमच्या आताच्या धावण्याला वर्षात चार वेळा ऑइल, म्हणजे 1,720 रुपये. ही काही घर बुडवणारी रक्कम नाही. म्हणून हौस असेल तर प्रीमियम टाका, आमची हरकत नाही. हरकत आहे ती महाग फिल्टर टाकून ऑइल पाच हजार किलोमीटर जास्त ओढण्याला, आणि फिल्टर महागाचा घेऊन ऑइल सुटं, बिनसीलच्या डब्यातलं भरण्याला.

प्रीमियम घ्यायला खरं कारण कधी असतं? फिल्टर आडवा किंवा तोंड खाली करून बसत असेल आणि सकाळी तो "खर्रर्र" येत असेल, किंवा ऑइलचा लाल दिवा विझायला नेहमीपेक्षा वेळ लागत असेल, तर सिलिकॉनच्या चकतीचा फिल्टर एकदा लावून बघा. आवाज गेला तर कारण सापडलं. नाही गेला तर टायमिंग चेन आणि ती ताणून धरणारा टेन्शनर तपासून घ्या, फिल्टर बदलत बसू नका. तसंच कंपनीनेच 15 हजार किलोमीटरचा अंतराल दिलेल्या गाडीला जास्त घाण साठवणारा फिल्टर हवाच. थंड प्रदेशात पहाटे घट्ट झालेल्या ऑइलमुळे बायपास वारंवार उघडतो, तिथे कमी अडथळ्याचा कागद उपयोगी पडतो. सोलापुरात डिसेंबरच्या पहाटेही ती वेळ येत नाही. आणि इंजिन नुकतंच खोलून बांधलेलं असेल, तर महाग फिल्टरपेक्षा साधाच पण पहिल्या 1,000 किलोमीटरला ऑइलसकट बदलणं शहाणपणाचं. स्प्लेंडरवाल्यांनी तर या चर्चेत पडूच नये, त्या इंजिनात कागदी फिल्टर नसतोच. जाळी आणि फिरत्या डब्यात घाण साठते, तेवढी धुवायची.

आता त्या 70 रुपयांच्या "हुबेहूब" फिल्टरबद्दल. कंपनीचा फिल्टर म्हणजे गाडीच्या कंपनीने बनवलेला असं नव्हे. बहुतेक वेळा तो फिल्टर बनवणाऱ्यांकडूनच करून घेऊन त्यावर आपलं नाव छापलेलं असतं. त्यामुळे बॉश, माहले, प्युरोलेटर, इलोफिक यांसारख्यांचा, तुमच्या इंजिनासाठी दिलेला पार्ट नंबर असलेला फिल्टरही 130 वाल्याच्याच पंगतीत बसतो. 70 वाला मात्र बहुधा नक्कल असते. हातात घेऊन तोला, अस्सल फिल्टर शेजारी ठेवा: नक्कल हलकी लागते. भोकातून बोटाच्या टोकाने रबराची चकती दाबा: ती लवचीक हवी, सगळीकडून भोकं झाकणारी हवी. मधल्या भोकातून टॉर्च मारली की नळी सरळ दिसायला हवी, डिंकाचे ओघळ नकोत. आटे स्वच्छ, बाहेरची रबर रिंग खाचेत घट्ट. खोक्यावर बनवणाऱ्याचा पत्ता, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि डब्यावरही बॅच नंबर हवा. तरीही खोकी फसवतात, कारण रिकामी अस्सल खोकी परत बाजारात जातात. म्हणून जुनं खोकं फाडून टाका.

पूर्ण खात्री हवी असेल तर काढलेला फिल्टर कापून बघता येतो. हॅकसॉने कापू नका, पत्र्याचा चुरा कागदावर पडतो आणि तो इंजिनातून आल्यासारखा दिसतो. डबा उघडण्यासारखा गोल फिरणारा कटर मिळतो, तो वापरा. रात्रभर निथळू द्या, मग कागद सुटा करून उन्हात धरा. घड्या सारख्या अंतरावर आहेत का? एका बाजूला गोळा झाल्या असतील, टोकाची चकती सुटली असेल किंवा नळी चेपली असेल, तर फिल्टर टाकाऊ होता. चांदीसारखी किंवा तांबूस चमक दिसली तर फिल्टरचा नव्हे, इंजिनाचा विचार करायची वेळ आली.

बसवण्यात होणाऱ्या चुका फिल्टरच्या दर्जापेक्षा महाग पडतात, त्यामुळे समोर उभं राहून करून घ्या. बार्शीहून आल्या आल्या नाही. पंधरा-वीस मिनिटं थांबून, ऑइल कोमट असताना काढा. जुना फिल्टर काढला की पहिली गोष्ट, त्याची रबर रिंग त्याच्याबरोबर आली का ते बघा. ती इंजिनाला चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर बसला, तर दोन रिंगांमधून दाबाने ऑइल उडतं आणि काही मिनिटांत चेंबर रिकामा होतो. इंजिन जाण्याचं इतकं स्वस्त कारण दुसरं नसेल. बसायची जागा पुसा, नव्या रिंगला बोटाने ताजं ऑइल लावा, फिल्टर हाताने फिरवा. रिंग टेकली की तिथून आणखी पाऊण फेरा, तोही हातानेच; खोक्यावर वेगळं लिहिलं असेल तर तसं. पान्याने आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी निघत नाही, मग त्याच्यातून पेचकस आरपार घालायची पाळी येते. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घाला. आणि "फिल्टर एक आड एक बदलू" या सल्ल्याला नको म्हणा. जुन्या फिल्टरमध्ये पाव लिटरभर काळं ऑइल उरतं, ते नव्यात मिसळतं.

डिझायरकडे येऊ. त्या 1.3 लिटरच्या डिझेल इंजिनात पत्र्याचा डबा नसतो. इंजिनावरच्या घरात (हाउसिंगमध्ये) बसणारा नुसता कागदी एलिमेंट असतो, वरून टोपी. अशा रचनेत बायपाससारखे भाग बहुधा घरातच कायमचे असतात, म्हणून प्रीमियमचे पैसे जवळजवळ फक्त कागदाचे. टर्बो आहे, भाड्याची गाडी आहे, किलोमीटर भराभर भरतात, तेव्हा नामांकित कृत्रिम कागदाचा एलिमेंट दीड-दोनशे जास्त देऊन मिळत असेल तर इथे जरूर घ्या. ऑइल काळं पडणं मात्र त्याने थांबणार नाही. डिझेलच्या काजळीचे कण बहुतांशी 1 मायक्रॉनच्याही खालचे असतात; ते ऑइलमधल्या रसायनांनी तरंगत ठेवायचे असतात, फिल्टरने पकडायचे नसतात. त्यामुळे नव्या ऑइलला हजार किलोमीटरमध्ये काळं बघून भावाने मिस्त्रीशी भांडू नये. अंतराल 10 हजारांच्या पुढे नको. एलिमेंटबरोबर येणारी टोपीची ओ-रिंग प्रत्येक वेळी बदला. जुनीच लावली की हमखास पाझर. टोपी आधी दोन-तीन फेरे सैल करून थोडं थांबा, घरातलं ऑइल खाली उतरू द्या, मग काढा. आवळताना टोपीवर आकडा छापलेला असेल तर टॉर्क पाना (ठरावीक जोराइतकंच आवळणारा) वापरा; अंदाजाने जोर लावला की टोपीला तडा जातो, आणि तो पंढरपूरच्या वाटेवर कळतो.

शेवटचा प्रश्न, भरून की कोरडा. तोंड वर करून सरळ उभा बसणारा फिल्टर असेल तर नवं, स्वच्छ ऑइल कडेच्या भोकांतून ओता, मधल्या भोकातून नको, कारण तिथून ओतलेलं न गाळता इंजिनात जातं. आडवा किंवा तिरका बसत असेल तर सांडेल एवढंच. कागद ओला होईल इतकं पुरे, किंवा कोरडा बसवला तरी चालतं. दोन्ही वेळी ॲक्सिलरेटर न देता गाडी चालू करा. लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे; नाही विझला तर लगेच बंद करा. विझला तर दोन मिनिटं चालू ठेवून खाली वाकून फिल्टर आणि ड्रेन बोल्टला टॉर्च मारा, बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिक बघा आणि कमी पडलेलं भरा. नवा फिल्टर आपल्या पोटात थोडं ऑइल घेतो, त्यामुळे थोडी पातळी उतरलेली दिसेलच.